वडिलांचा रकाना कोरा

देवगड तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय 29. मुलगा 14 महिन्यांचा, जन्म कणकवलीच्या सरकारी रुग्णालयात. मुलाचे वडील शेजारच्या गावचे. दोघं दोन वर्षं कणकवलीत भाड्याच्या खोलीत राहिली, मग ते मुंबईला कामाला गेले. देवळात गुरवासमोर हार घातले होते, नोंदणी केली नाही. जन्मदाखल्यावर वडिलांचा रकाना कोरा आहे. ‘झील माझोच आसा’ (मुलगा माझाच आहे) असं ते फोनवर म्हणतात, पण त्यांच्या घरचे ऐकत नाहीत आणि चार महिने पैसेही थांबलेत. ताई विचारतात: वकिलाला द्यायला पैसे नाहीत, डीएनए तपासणी कुठे होते, ती केली की नाव लागतं का? आणि अगदी शेवटी एक ओळ: ‘पहिल्या नवऱ्याशी 2019 ला गावकीसमोर सोडचिठ्ठी झाली आहे, तो ओमानला असतो.’

ताई, तुमची शेवटची ओळ आम्ही पहिली घेतो. बाकी सगळं तिच्यावर अडकलं आहे.

भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 116 (1 जुलै 2024 पूर्वी हेच जुन्या पुरावा कायद्याचं कलम 112 होतं) असं सांगतं की वैध लग्न टिकून असताना, किंवा ते मोडल्यावर 280 दिवसांच्या आत आणि आईने दुसरं लग्न केलेलं नसताना जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच धरायचं. हे साधं गृहीतक नाही, निर्णायक पुरावा आहे. तो मोडायला एकच वाट: गर्भ राहिला त्या काळात नवरा-बायकोचा एकमेकांशी संबंध येणं शक्यच नव्हतं, हे दाखवणं.

आता तुमची सोडचिठ्ठी. हिंदू विवाह कायदा रूढीने होणारा घटस्फोट पूर्ण नाकारत नाही, कलम 29 मध्ये त्याला जागा आहे. पण तुमच्या समाजात अशी रूढी जुनी, सातत्याने पाळलेली आणि सर्वमान्य आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. पंचांच्या सह्यांचा स्टॅम्पपेपर एवढ्याने भागत नाही. रूढी सिद्ध झाली नाही, तर कायद्याच्या लेखी तुमचं पहिलं लग्न आजही चालू आहे आणि तुमच्या मुलाचे वडील ओमानला आहेत. 28 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हेच केलं. आई सांगत होती की मुलाचा बाप दुसरा आहे, मुलगा त्या दुसऱ्याकडे पोटगी मागत होता. पण त्या काळात नवरा-बायको एका छपराखाली राहत होती, म्हणून नवराच बाप ठरला आणि डीएनएची मागणी फेटाळली गेली.

तेव्हा पहिला कागद ओमानहून मागवायचा. मुलाच्या जन्मतारखेपासून मागे मोजा: दहा महिन्यांपासून सात महिन्यांपर्यंतचा काळ. त्या काळात पहिला नवरा भारतात नव्हता हे दाखवणारं जे मिळेल ते गोळा करा. पासपोर्टच्या सगळ्या पानांच्या प्रती हव्यात, फक्त फोटोचं पान नव्हे, कारण शिक्के आतल्या पानांवर असतात. तिथलं रहिवासी कार्ड, कंपनीचं पत्र. तो त्या वर्षी मे महिन्यात सुटीवर आला होता का, हे आधीच विचारून घ्या. पंधरा दिवसांची एक सुटी त्या काळात पडली तर मामला एकदम अवघड होतो; मग तो आला तरी कुठे राहिला, तुम्ही तेव्हा कुठे होता, याचे साक्षीदार लागतात. बऱ्याचदा पहिल्या नवऱ्यालाही मोकळं व्हायचं असतं. तो तयार असेल तर मस्कतच्या भारतीय दूतावासात प्रतिज्ञापत्र करून पाठवू शकतो. जोडीला परस्परसंमतीने घटस्फोटाचा अर्ज करा. त्याला एक वर्ष वेगळं राहणं पुरतं आणि सहा महिन्यांची मुदत कोर्ट योग्य प्रकरणात माफ करू शकतं. हा घटस्फोट मागच्या तारखेपासून लागू होत नाही, पण पुढची गुंतागुंत संपवतो.

अजून एक. तुमचं आधार कार्ड काढून बघा. मधलं नाव कोणाचं आहे? पहिल्या नवऱ्याचं असेल तर जन्म-मृत्यू निबंधकाच्या टेबलावर पहिला प्रश्न तोच येणार. रुग्णालयाच्या केसपेपरवर आणि दाखल्यासाठी तुम्ही तेव्हा काय लिहून दिलंत, त्याचीही प्रत मिळवा. ‘अविवाहित’ असं लिहिलं असेल तर आता दुसऱ्या कागदावर वेगळं लिहू नका. आधी विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे मोफत मिळणाऱ्या, वकिलाला दाखवा. खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे.

तुम्ही वकील न करता विचारलंत. फुकट वकील घ्या, असं आम्ही सांगू. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे बाई आणि मूल या दोघांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. सिंधुदुर्गचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ओरोसला जिल्हा न्यायालयात आहे, तालुका समिती तालुक्याच्या कोर्टात. एक पानी अर्ज आणि आधारची प्रत पुरते. फोनवर विचारायचं तर 15100. ज्या बाईचं आधीचं लग्नच नाही आणि मुलाचा बाप राजी आहे, तिला वकील नसला तरी चालतं. तुम्हाला पहिल्या लग्नाच्या मुद्द्यापुरता तरी तो हवा.

आता मुलाचे वडील. ते आज ‘माझाच’ म्हणतात ना, तर हे तोंडचं कागदावर आणणं हे पुढच्या गणपतीपर्यंतचं तुमचं काम. नाव दाखल्यावर नंतर चढेल, तपासणी नंतर होईल. कबुली मात्र माणूस राजी असतानाच मिळते. घरच्यांनी दोन बैठका घेतल्या की तोच माणूस ‘मी तसा म्हणाललंयच नाय’ म्हणतो.

कबुलीचं प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर चालतं. सरकारी कार्यालयात किंवा कोर्टात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. स्टॅम्प व्हेंडर पाचशेचा कागद पुढे करील, घेऊ नका. शपथ तहसील कार्यालयात कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर किंवा नोटरीकडे. कागदात मुलाच्या वडिलांचं पूर्ण नाव, गावचा आणि मुंबईचा असे दोन्ही पत्ते, आधार क्रमांक, मुलाचं नाव, जन्मतारीख, जन्माचं ठिकाण, दाखल्यावरचा नोंदणी क्रमांक. मग तुम्ही दोघं कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कुठे एकत्र राहिलात. आणि मुख्य वाक्य सरळ: ‘हा मुलगा माझ्यापासून झालेला आहे, मी त्याचा जन्मदाता पिता आहे.’ त्यापुढे जन्मनोंदीत नाव लावायला संमती, आणि गरज पडली तर डीएनए तपासणीला तयारी. प्रत्येक पानावर सही, शेवटी डाव्या अंगठ्याचा ठसा, फोटो, दोन साक्षीदार. साक्षीदारांतला एक त्यांच्या बाजूचा मिळाला तर सोन्याहून पिवळं. मूळ प्रत तुमच्याकडे ठेवा.

तीन वाक्यांनी हा कागद कुजतो. ‘माणुसकी म्हणून मुलाला मदत करतो.’ ‘माझं नाव लावायला माझी हरकत नाही.’ आणि ‘एकरकमी इतके दिले, यापुढे काही मागणी राहणार नाही.’ पहिल्या दोनांत पितृत्वाची कबुलीच नाही. तिसरं गावकीत फार लिहून घेतात, आणि ते मुलावर बंधनकारक नाही. आईला मुलाचा पोटगीचा हक्क सोडून देता येत नाही. गावकीने सही कर म्हणून दबाव आणला, वाळीत टाकायची भाषा केली, तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा 2017 पासून लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे पंचांना शांतपणे ऐकवलं तरी बऱ्याचदा पुरतं.

देवळातल्या लग्नाचा उल्लेख या कागदात करायचा की नाही, हे मोफत वकिलाला विचारूनच ठरवा. इथे दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. रीतीप्रमाणे विधी झाले होते असं ठरलं, तर लग्न अवैध असलं तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम 16 प्रमाणे मूल औरस धरलं जातं आणि वडिलांच्या मिळकतीत त्याला हक्क मिळतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2023 च्या निकालानुसार सामाईक सातबाऱ्यावर वडिलांच्या वाट्याला जे येईल, त्यातही. पण पहिलं लग्न टिकून असताना दुसरं केलं हे तुम्हीच लिहून दिलंत, तर पहिला नवरा द्विभार्या-द्विपतीच्या कलमाखाली तुमच्यावरच फिर्याद करू शकतो. मुलाच्या वडिलांना मात्र कोणी परस्त्रीगमनाच्या गुन्ह्याची भीती घालत असेल तर ती फोल आहे. ते कलम सप्टेंबर 2018 मध्ये रद्द झालं. हार घालतानाचे फोटो, गुरवाचं नाव, कोण कोण हजर होतं, हे जपून ठेवा. वापरायचं की नाही हे मागाहून.

जन्मनोंद: नोंद जिथे जन्म झाला तिथेच असते, तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीत नाही. दाखल्यावर तळाशी ज्या निबंधकाचं कार्यालय छापलंय तिथेच अर्ज द्यायचा. सिंधुदुर्गातल्या ज्या बायकांचं बाळंतपण गोव्यात बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) होतं, त्या इथे हेलपाटे घालतात आणि मग कळतं की नोंद गोव्यात आहे. लग्नाशिवायच्या मुलाच्या बाबतीत आई एकटी अर्ज करून बापाचं नाव लावू शकत नाही, आणि बापही एकटा नाही. दोघांनी मिळून लेखी मागणी करायची असते आणि दोघांनी हजर राहायचं असतं. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 15 खाली दुरुस्तीचा अर्ज, दोघांची प्रतिज्ञापत्रं, दोघांची आधार कार्डं, मूळ दाखला, रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, आणि प्रकरणाची माहिती असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचं निवेदन, हे सगळं एकदम न्या. मूळ नोंद खोडली जात नाही, समासात दुरुस्ती लिहून निबंधक सही-तारीख करतो. तोंडी ‘होत नाही, कोर्टाची ऑर्डर आणा’ ऐकून परत येऊ नका. अर्जाची पोच घ्या, नकार लेखी मागा. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे निबंधकाच्या आदेशावर 30 दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येतं आणि ते 90 दिवसांत निकाली काढायचं असतं. तुमच्या बाबतीत मात्र पहिल्या लग्नाचा घोळ मिटेपर्यंत निबंधकाने नाही म्हटलं, तर ती त्याची अडवणूक समजू नका.

तोवर कोऱ्या रकान्याने मुलाचं काही अडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच सांगितलंय की एकट्या आईच्या प्रतिज्ञापत्रावर दाखला द्यायचा, बापाचं नाव विचारायचं नाही. शाळा, बाल आधार, पासपोर्ट, सगळं आईच्या नावावर होतं. घाईघाईने कुणाचंही नाव लावून रकाना भरू नका.

मुलाचे वडील शब्दावरून फिरले तर काय? मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144, म्हणजे जुन्या दंड प्रक्रिया संहितेचं 125. यात औरस-अनौरस असा फरक नाही, पोटगी दोघांनाही. अर्ज मुलाच्या नावाने, ‘अज्ञान अमुक तर्फे अ.पा.क. आई’ असा (अज्ञान म्हणजे अल्पवयीन, अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता). ते तुमच्याबरोबर शेवटचे जिथे राहिले तिथल्या कोर्टात करता येतो, म्हणजे कणकवलीच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. मुंबईला जायला नको. गणपतीला चार दिवस आले होते ते ‘राहणं’ धरलं जात नाही, म्हणून खोलीचा भाडेकरार, घरमालकाचं पत्र, गॅसचं पुस्तक असं काहीतरी जोडा. महाराष्ट्रात पोटगीच्या कामात बायकांना 1994 पासून कोर्ट फी माफ आहे. 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे दोन्ही पक्षांना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणून अर्ज लवकर टाकण्यात पैसे आहेत. अंतरिम पोटगीचा अर्ज सोबतच द्या, नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत त्यावर आदेश व्हावा असं कायदा सांगतो. आदेश झाल्यावर पैसे थकले तर वसुलीचा अर्ज थकल्यापासून एका वर्षाच्या आत करा. वर्ष उलटलेल्या हप्त्यासाठी वॉरंट निघत नाही, आणि भिडेखातर थांबणाऱ्या बायका इथेच नुकसान करून घेतात.

समन्स बजावणं हे आपल्याकडचं खरं दुखणं. मुंबईतली खोली बदललेली असते, गावचं घर कुलूपबंद. अर्जात दोन्ही पत्ते, कामाच्या ठिकाणाचा पत्ता, मोबाइल नंबर, ई-मेल सगळं लिहा. नव्या संहितेत समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गानेही बजावता येतं, आणि माणूस सापडला नाही तर घरातल्या कुठल्याही प्रौढ व्यक्तीकडे, बाईकडेसुद्धा, देता येतं. पूर्वी पुरुषच लागायचा. चाकरमानी गावी असतात तेव्हाची तारीख मागून घ्या.

पुरावा म्हणून तुमच्याकडे आजच बरंच आहे. बँकेत जाऊन पैसे आले त्या महिन्यांचं शिक्क्यासह स्टेटमेंट घ्या. यूपीआयच्या शेऱ्यात ‘बाळाच्या औषधाला’ असं काही असेल तर ते सोन्यासारखं. ‘झील माझोच आसा’ हे व्हॉट्सॲपवर किंवा आवाजी संदेशात असेल तर तो फोन विकू नका, रीसेट करू नका. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत; साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन हाताशी असला तर ते सोपं जातं.

आणि डीएनए. खाजगी प्रयोगशाळा काही हजार रुपयांत तपासणी करतात, पण तो अहवाल कोर्टात टिकणं कठीण, कारण नमुना कोणाचा, कोणी घेतला, मध्ये कोणाच्या हातात होता, याचा धागा नसतो. त्यांच्या कंगव्यातले केस चोरून पाठवायचा विचार असेल तर सोडा. कोर्टाने सांगितलेल्या तपासणीत तिघांचा नमुना घेतात, आई, मूल आणि तो पुरुष. गालाच्या आतून फाया फिरवून किंवा थोडं रक्त. ओळखपत्र, फोटो, अंगठा, सीलबंद पाकीट, आणि मग सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळा, त्यातली मुख्य मुंबईला कलिन्याला. डीएनएवरच्या ठरावीक खुणा जोडीजोडीने असतात; मुलाच्या प्रत्येक जोडीतली एक आईकडून येते, म्हणून आईचा नमुना असला की उरलेली बापाकडे आहे का एवढंच बघायचं राहतं. अशा पंधरा-वीस खुणा तपासतात. एखादी जुळली नाही तर तो नैसर्गिक बदल असू शकतो. तीन किंवा जास्त जुळल्या नाहीत तर तो बाप नाही. मुलाला अलीकडे रक्त चढवलं असेल तर आधी सांगा.

कोर्ट ही तपासणी मागितली की देत नाही. आधी इतर पुराव्याने प्रकरण उभं राहिलं पाहिजे आणि तपासणीवाचून निकाल लागत नाही अशी स्थिती हवी. आदेशानंतर ते गेले नाहीत तर जबरदस्तीने नमुना घेत नाहीत, पण नकाराचा अर्थ त्यांच्याविरुद्ध काढता येतो. आणि तुमच्या बाबतीत, नवरा त्या काळात देशात नव्हता हे ठरल्याशिवाय कोर्ट या टप्प्यापर्यंत येणारच नाही. पोटगीच्या आदेशातलं पितृत्वही पोटगीपुरतंच असतं. जमिनीच्या हक्कासाठी दिवाणी कोर्टाचा वेगळा हुकूमनामा लागतो. ते काम मुलगा लहान असताना घाईने करायची गरज नाही.

ते गणपतीला गावी येतील तेव्हा प्रतिज्ञापत्र उरकायचं, तर चतुर्थीचा दिवस आणि शनिवार-रविवार सोडून किती कामाचे दिवस हातात येतात ते मोजा. दीड दिवसाचा गणपती असलेली घरं तिसऱ्या दिवशी रिकामी होतात. मसुदा आधीच ओरोसला दाखवून टाइप करून ठेवा, साक्षीदारांना वार सांगून ठेवा, आणि त्यांचं परतीचं रिझर्वेशन कधीचं आहे ते आजच विचारा.